संगणकाच्या मराठी पाट्या

दिवाळी अंकांत पुस्तकांवर लिहिले जाते, नाटकांवर लिहिले जाते, एखाद्या गवयावर किंवा चित्रकारावरही लिहिले जाते. परंतु ज्या मजकुराला लेखकाचे नाव नाही, ज्यातली ओळ तीन-चार शब्दांहून क्वचितच लांब असते, आणि जो कोणी वाचनालयातून घरी नेलेला नाही, अशा मजकुरावर समीक्षकाने लेखणी उचलल्याचे सहसा दिसत नाही. मी आज तेच करणार आहे. संगणकाच्या पडद्यावर ज्या पाट्या, आज्ञा, सूचना आणि प्रश्न उमटतात, ते इंग्रजीऐवजी मराठीत दिसावेत अशी सोय सुमारे वीस वर्षांपूर्वी झाली. ती झाली म्हणून आनंदाची भाषणे झाली. ती अपुरी म्हणून गळेही काढून झाले. ते मराठी निवांत बसून, मजकूर म्हणून वाचण्याचे काम मात्र फारसे कोणी केले नाही.

या वाचनासाठी मी मुद्दाम जुने यंत्र निवडले आहे. 'विंडोज एक्सपी' ही कार्यप्रणाली २००१ सालच्या ऑक्टोबरात बाजारात आली, आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने ती निवृत्त झालेली आहे. ज्यांच्याकडे असे यंत्र अजून धूळ खात पडले असेल, त्यांनी ते इंटरनेटला जोडू नये हेच शहाणपणाचे. तरीही ती निवडण्याचे कारण असे, की जुन्या भिंतीचे पोपडे पडले म्हणजे आतल्या विटा कशा रचल्या होत्या ते दिसते. आजच्या यंत्रांत सांधे बेमालूम लपवलेले असतात. एक्सपीत ते उघडे आहेत, आणि परीक्षकाला हवे असतात ते सांधेच.

आधी 'भाषा बदलणे' म्हणजे काय ते पाहू, कारण यात दोन निराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. यंत्राला देवनागरी लिहिता-वाचता येणे ही एक गोष्ट, आणि यंत्राने स्वतः आपल्याशी मराठीत बोलणे ही दुसरी. पहिली साधल्याखेरीज दुसरी होत नाही. एके काळी आपल्याकडे 'श्रीलिपी', 'आकृती' अशा संचांच्या बळावर मराठी छपाई उत्तम होत असे. पण त्यांच्या टंकांत पुष्कळदा देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. यंत्राची समजूत अशी, की आपण इंग्रजीच मांडतो आहोत. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. तो टंक नसलेल्या यंत्रावर तेच पत्र उघडले, की निमंत्रणाच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसायचा. १९९१ साली 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला तिच्या हक्काच्या १२८ जागा मिळाल्या. विंडोजमध्ये ही व्यवस्था पोचायला 'विंडोज २०००' उजाडावे लागले.

एक्सपीतही ती आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचे, पृथ्वीच्या गोलाचे चित्र शोधायचे, त्यामागच्या भाषांच्या पानावर एका चौकटीत बरोबरची खूण करायची, की यंत्र मूळ तबकडी मागे. त्या चौकटीशेजारी इंग्रजीत लिहिलेले असे, की गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आणि थाईसाठी लागणारा सरंजाम येथून भरावा. आपली बाराखडी त्यातल्या 'गुंतागुंतीच्या लिप्या' या शब्दांत बसलेली होती. सहा वर्षांची मुले जी वर्षभरात गिरवतात तिला गुंतागुंतीची म्हटलेले पाहून हसू येते. पण यंत्राच्या बाजूने पाहिले तर ते खोटे नव्हते. लिहिताना व्यंजनानंतर येणारी पहिली वेलांटी दिसताना मात्र आधी काढायची, र कधी डोक्यावर रफार म्हणून तर कधी पायाशी तिरकी रेघ म्हणून बसवायचा, हे सारे यंत्राला कोणीतरी शिकवावेच लागते.

हे झाल्यावर दुसरी पायरी. मराठीचा एक संच मायक्रोसॉफ्टने विनामूल्य उपलब्ध केला होता. 'लँग्वेज इंटरफेस पॅक' हे त्याचे नाव. मूळ इंग्रजी यंत्रावर तो चढवायचा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे, की पडद्यावरच्या पाट्या मराठीत. नको झाला तर प्रोग्रॅम काढून टाकण्याच्या यादीतून तो काढता येई, आणि खालची इंग्रजी जशीच्या तशी वर येई. 'खालची' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. हा संच म्हणजे संपूर्ण भाषांतर नव्हते. नेहमी डोळ्यांखालून जाणाऱ्या जागा तेवढ्या त्यात मराठी होत. उरलेल्या ठिकाणी मूळ भाषाच दिसे. संपूर्ण भाषांतराचे संच निराळे होते. ते दुकानात सुटे मिळत नसत, मोठ्या संस्थांना मिळत. आणि त्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती. पुढे २००९ सालच्या 'विंडोज ७'मध्येही हाच पंक्तिप्रपंच राहिला. पूर्ण भाषा हव्या तशा बदलण्याची मुभा वरच्या दर्जाच्या आवृत्त्यांना होती. मराठीला, तशीच कोंकणीलाही, हा वरवरचा संचच आला.

पाट्या मराठी आणि तळमजला इंग्रजी अशी ही रचना आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे परीक्षण वाचावे.

प्रथम शब्दांकडे वळू. संगणकाच्या मराठीवर बोलायचे म्हणजे आपली मंडळी पहिला हात शब्दांनाच घालतात, आणि पुष्कळदा तेथेच थांबतात. 'फाईल'ला संचिका म्हणावे की धारिका, 'सेव्ह'ला जतन करा म्हणावे की साठवा, यावर सभा झडल्या आहेत. हा वाद नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला तेव्हा दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न झाला. आणि तरीही अर्ज, हुकूम, कागद, दप्तर हे शब्द आपल्या जिभेवर आजही नांदत आहेत. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली शासनाचा 'पदनाम कोश' निघाला, तेव्हा चेष्टेखोरांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. पण त्या वळणाचे आयुक्त, संचालक, अधीक्षक हे शब्द आज खेड्यातला माणूसही अडखळल्यावाचून उच्चारतो. म्हणजे घडवलेला शब्द रुजतच नाही हे खरे नाही, आणि परका शब्द हटतोच हेही खरे नाही. शब्द रुजतो तो वापराने. कोशकाराला फार तर बी पेरता येते.

मग कसोटी कोणती लावावी? मी एक साधी कसोटी लावतो. दोन माणसे एका यंत्रापुढे बसली आहेत, एक दुसऱ्याला सांगतो आहे. तो शब्द त्याच्या तोंडी येईल का? 'हे साठवून ठेव' असे कोणीही म्हणेल. 'जतन कर' म्हणताना आवाज जरासा गंभीर होतो, कारण जतन आपण करतो ते आजीच्या नथीचे किंवा वडिलांच्या पत्रांचे. अर्धवट लिहिलेल्या किराणा यादीचे नव्हे. उलट 'रद्द करा' हा शब्द अगदी योग्य जागी पडला आहे. तो अरबीतून आला, रेल्वेच्या खिडकीवर आणि कचेरीच्या कागदावर मुरला, आणि पडद्यावर येताना त्याला वेशीवर कोणी अडवले नाही. 'फाईल'चेही तेच. सरकारी कचेरीत 'फाईल वर गेली आहे' हे वाक्य ज्या समाजाने इतकी वर्षे ऐकले, त्याला फाईलचा अर्थ समजावण्यासाठी संचिका कशाला हवी?

येथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. टेबल, फाईल, फोल्डर, कचऱ्याची टोपली ही सारी चित्रे अमेरिकेतल्या कचेरीतून आलेली आहेत. झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या १९८१ सालच्या यंत्राने पडदा म्हणजे कचेरीचे मेज अशी कल्पना बाजारात आणली, आणि १९८४ च्या 'मॅकिंटॉश'ने ती लोकप्रिय केली. तेथल्या कारकुनाच्या मेजावर जे होते ते पडद्यावर आले. हेच यंत्र पुण्याच्या पेशवे दप्तरात जन्मले असते, तर फोल्डरला आपण रुमाल म्हटले असते, कारण मोडी कागद तेथे रुमालांतच बांधलेले आहेत; आणि मग एखाद्या अमेरिकन शिक्षकाला 'रुमाल' या शब्दाचे भाषांतर करताना घाम फुटला असता! थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा राहतो. केवळ शब्द बदलून चित्र आपले होत नाही. म्हणून शब्दांच्या बाबतीत मी उदार आहे. फाईल, फोल्डर, माऊस खुशाल राहोत. क्रियापदे मात्र मराठी हवीत, कारण भाषेचे प्राण नामापेक्षा क्रियापदात असतात.

आणि क्रियापदाकडे आलो, की खरी अडचण समोर येते. ती शब्दांची नाही, व्याकरणाची आहे; आणि तिची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

यंत्रातली पुष्कळशी वाक्ये पूर्ण नसतात. त्यांत एक गाळलेली जागा असते, आणि ती यंत्र आयत्या वेळी भरते. इंग्रजी वाक्य असते, अमुक फाईल अमुक फोल्डरमध्ये ठेवली जात आहे. 'अमुक'च्या जागी तुम्ही दिलेले नाव येते. इंग्रजीला हे सोपे जाते, कारण तिची नामे अव्यये जोडताना आपले रूप बदलत नाहीत. मराठी नाम तसे नव्हे. त्याला प्रत्यय लागायच्या आधी सामान्यरूप घ्यावे लागते. शाळा, पण शाळेत. घर, पण घरामध्ये. पुस्तके, पण पुस्तकांतून. यंत्राला हे ठाऊक नाही. ते गाळलेल्या जागेत 'शाळा' हा शब्द आहे तसा घालते आणि पुढे 'मध्ये' चिकटवते. पडद्यावर उमटते 'शाळा मध्ये', 'घर मध्ये', 'पुस्तके मधून'. चौथीच्या मुलाने असे लिहिले तर मी लाल रेघ मारतो. यंत्राने लिहिले, की आपण म्हणतो, संगणकाची मराठी अशीच असायची!

लिंगाचे तसेच. फाईल मिटवली, फोल्डर मिटवला, चित्र मिटवले. इंग्रजीत तिन्हींना एकच रूप पुरते. भाषांतरकाराच्या हाती वाक्य येते एकच, आणि गाळलेल्या जागेत काय येणार ते त्याला दिसत नाही. मग तो काय करतो? तो 'मिटवण्यात आले आहे' असे लिहितो. येथे मला एक गोष्ट नव्याने उमगली, ती वाचकांपुढे ठेवतो. 'करण्यात येत आहे', 'देण्यात आले आहे' ही आपली सरकारी मराठी निव्वळ रुक्ष स्वभावातून आली, असे आपण समजतो. पण छापील नमुन्यात ज्याला आयत्या वेळी कोणाचेही नाव, कोणत्याही लिंगाची आणि वचनाची वस्तू भरायची आहे, त्याला हा आडोसा फार सोयीचा असतो. 'श्री./श्रीमती' लिहून पुढे रेघ सोडणारा कारकून आणि पडद्याची वाक्ये जुळवणारा भाषांतरकार, दोघेही एकाच भीतीने कर्मणीत शिरतात.

यातून वाट नाही असे नाही. 'शाळा मध्ये' न लिहिता "'शाळा' या फोल्डरमध्ये" असे लिहिले, की प्रत्यय फोल्डरला लागतो, आणि गाळलेल्या जागेतले नाव सुखरूप राहते. 'मिटवण्यात आले आहे'ऐवजी 'मिटवून झाले' म्हटले, की लिंगवचनाचा प्रश्नच येत नाही, आणि बोलण्याचा सूरही राहतो. ही दोन वाक्ये ज्याला सुचतील तो भाषांतरकार. बाकीचे शब्द बदलणारे.

दुसरी एक मजेची अडचण अशी, की पडद्यावर बोलतो कोण? 'नाव लिहा' असे यंत्र आपल्याला सांगते. तेथे आदरार्थी रूप शोभते. पण बाजूच्या बटणावर 'साठवा' लिहिलेले असते, ती आज्ञा कोणाची? ती आपली, यंत्राला दिलेली. म्हणजे यंत्र आपल्याला अहोजाहो करते, आणि आपणही यंत्राला अहोजाहो करतो! ज्या समाजात विठ्ठलाला आणि आईला 'तू' म्हणतात, त्याने एका लोखंडी पेटीला 'साठवा', 'रद्द करा', 'बंद करा' असे अदबीने विनवावे, हे जरा गंमतीचेच. इंग्रजी क्रियापदाला या नात्याचा पत्ताच नाही. फ्रेंचांनी बटणांवर आज्ञार्थ न वापरता क्रियापदाचे मूळ भाववाचक रूप वापरून हा पेच सोडवला. मराठीतही 'साठवणे', 'मिटवणे' असे लिहिता येईल, पण ते शब्दकोशाच्या पानासारखे दिसते. मला विचाराल तर 'साठवा' राहू द्यावे. परक्याशी अदबीने बोलणे ही आपली रीतच आहे, आणि हे यंत्र अजून परकेच आहे.

भाषांतरकारांची बाजू मांडल्याशिवाय हे परीक्षण न्याय्य होणार नाही. त्यांच्या हाती पडदा येतो असे नाही. पुष्कळदा हजारो सुट्या ओळींची यादी येते. तीत 'ओपन' असा एकच शब्द आहे. ती आज्ञा की विशेषण? मराठीत 'उघडा' लिहिले तर ते दोन्ही होते, आणि विशेषण म्हणून वाचले, की अंगात सदरा नसलेला मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो. 'फ्री' म्हणजे मोकळी जागा की फुकटचा माल? 'राइट' म्हणजे उजवा की बरोबर? संदर्भावाचून हे सांगणे ज्योतिषालाच जमावे. त्यात पाट्यांची रुंदी इंग्रजीच्या मापाने कापलेली. त्यात इंग्रजी यादीत एखादे अक्षर अधोरेखित असते, त्याची कळ दाबली की काम होते. देवनागरीत ते साधेना, म्हणून अनेक भारतीय भाषांतरांत शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर तसेच ठेवले गेले. मराठी पाटीच्या खिशातून इंग्रजी रुमाल डोकावावा तसे ते दिसते.

अक्षरांचेही सांगितले पाहिजे. एक्सपीत देवनागरीसाठी 'मंगल' हा टंक होता. लहान आकारात त्याच्या मात्रा आणि उकार वाचताना डोळ्यांना ताण पडे, आणि त्याचे ल व श हिंदी वळणाचे होते. शाळेत आम्ही फळ्यावर जे ल आणि श काढतो ते पडद्यावर नव्हते. शासनाने २००९ साली वर्णमालेसंबंधी निर्णय काढून मराठी वळणाची ही अक्षरे प्रमाण म्हणून सांगितली. यंत्र तोवर आठ वर्षे जुने झाले होते. मराठीला इंग्रजी शब्दांसाठी हवा असलेला ॲ युनिकोडात स्वतंत्र अक्षर म्हणून आला तोही २००८ साली. तेव्हा त्या मराठीत जे ठेचकाळणे दिसते, ते सारेच भाषांतरकाराच्या पदरी घालू नये.

इतके सारे समजून घेतल्यावरही एक दोष उरतो, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. हे मराठी ऐन अडचणीच्या वेळी पाठ फिरवते.

विचार करा. पडद्यावरच्या पाट्या माणूस किती दिवस वाचतो? आठवडाभर. नंतर त्याचा हात जागा ओळखतो. माझ्या शाळेतली मुले एकमेकांना सांगतात, 'डावीकडून तिसरे दाब, मग खालून दुसरे.' ती पाटी इंग्रजी असो, मराठी असो, चिनी असो, त्यांचे काम अडत नाही. ती वाचतच नाहीत. किराणा दुकानातल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या दुकानदार वाचत नाही, तसेच ते. भाषा लागते ती निराळ्या वेळी. काहीतरी बिघडते, पडद्यावर अनोळखी चौकट येते, यंत्र विचारते की हे कायमचे मिटवायचे का, किंवा सांगते की अमुक कारणाने काम होऊ शकत नाही. त्या क्षणी माणूस एकेक अक्षर लावून वाचतो, कारण 'हो' म्हणावे की 'नाही' यावर त्याचे दिवसाचे काम, कधी वर्षाचे हिशेब, कधी लेकीच्या लग्नाची छायाचित्रे अवलंबून असतात. आणि क्वचित येणारी ती वाक्ये नेमकी वरवरच्या भाषांतराबाहेर पडण्याचा संभव अधिक, कारण निवडीचा निकषच 'नेहमी दिसणाऱ्या जागा' हा होता. जेथे भाषेवाचून चालते तेथे मराठी. जेथे चालत नाही तेथे इंग्रजी. प्रस्तावना मराठीत आणि करारनामा इंग्रजीत, असा हा ग्रंथ आहे.

याची झळ ज्याला इंग्रजी येते त्याला लागत नाही; तो मराठी चेहरा हौस म्हणून लावतो आणि कंटाळला की काढतो. झळ लागते ती माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत मराठीत शिकलेल्यांना, दुकानाचा हिशेब यंत्रावर ठेवणाऱ्या बाईला, पतपेढीच्या खिडकीमागे बसलेल्या मुलाला. ज्यांच्यासाठी भाषा बदलायची, त्यांनाच ती मध्यावर सोडून जाते. मग ते शहाणपणाने ठरवतात, की शेवटी इंग्रजीच लागणार असेल तर पहिल्यापासून इंग्रजीच असू दे.

येथून आपली, म्हणजे वाचकांची, जबाबदारी सुरू होते. शिकवणीचे वर्ग इंग्रजी पाट्या पाठ करून घेतात, पुस्तके त्याच नावांनी लिहिली जातात, दुरुस्तीला येणारा मुलगा मराठी पडदा पाहिला की आधी तो इंग्रजी करून घेतो. अशा वातावरणात एकट्याने यंत्राची भाषा बदलणे म्हणजे गावात आपणच आपल्या गल्लीचे नाव बदलण्यासारखे आहे. पत्र कोणी आणून देत नाही. वापरणारे थोडे म्हणून चुका सांगणारे थोडे. सांगणारे थोडे म्हणून सुधारणा मंद. आणि मराठी बरी नाही म्हणून वापरणारे आणखी थोडे. हा रहाट फिरतच राहिला.

दुसऱ्या एका परंपरेत तो थोडा तरी थांबवता आला. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत आत शिरतानाच भाषा निवडण्याची सोय पूर्वीपासून आहे. तेथील भाषांतराच्या वह्या कोणालाही उघडून पाहता येतात. एका ओळीवर मूळ इंग्रजी वाक्य, खाली मराठीसाठी जागा. जागा रिकामी राहिली तर यंत्र मूळ इंग्रजी दाखवते. म्हणजे पडद्यावर इंग्रजी दिसले, की ते आपल्यापैकी कोणीतरी न केलेले काम असते. 'शाळा मध्ये' खटकले तर ते सुधारून पाठवता येते. पुण्यात बसून अशा वह्या भरणारी माणसे होऊन गेली आणि आजही आहेत. त्यांची नावे साहित्य संमेलनात घेतली जात नाहीत. ते मराठी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यातही कर्मणीचा आडोसा पुष्कळ आहे. पण ते आपल्या हाताखालचे आहे, आणि चुकीच्या वाक्याला दुरुस्तीची वाट मोकळी असणे ही मोठी गोष्ट आहे.

काळ थांबलेला नाही. २०१२ सालच्या 'विंडोज ८'पासून भाषेची दारे पूर्वीपेक्षा पुष्कळ रुंद झाली. 'निर्मला' हा नवा टंक आला. २०१४ साली अँड्रॉइड फोनच्या पाट्या मराठीत येऊ लागल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला, त्याचा आनंद मला इतरांइतकाच आहे. परंतु अभिजात असणे हा भूतकाळाचा गौरव आहे. भाषा आज कामाची आहे की नाही, याचा निकाल असल्या लहानसहान चौकटींत लागतो. 'हे मिटवल्यास परत मिळणार नाही, मिटवायचे का?' हे वाक्य स्वच्छ मराठीत, ऐन वेळी, नेमक्या जागी उमटले पाहिजे.

म्हणून सुट्टीच्या या दिवसांत एक खटाटोप सुचवतो. घरातल्या एखाद्या फोनची किंवा नव्या संगणकाची भाषा आठ दिवस मराठी करून ठेवा. करण्यापूर्वी एक काळजी घ्या: भाषा बदलण्याची पाटी कोणत्या जागी आहे, कितव्या ओळीत आहे, ते कागदावर टिपून ठेवा. परतीची वाट दाखवणारी पाटीही नव्या भाषेत जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चुकून एखाद्या अनोळखी लिपीवर बोट पडले, तर तो कागदच उपयोगी येईल. मग शेजारी एक वही ठेवा. जो शब्द समजला नाही तो लिहा, जे वाक्य कानाला खटकले ते लिहा, आणि अडचणीच्या वेळी जेथे इंग्रजी उगवले ती जागा तर अवश्य लिहा. फराळाला जमलेल्या मंडळींना विचारा, तुम्ही हे कसे म्हणाल? घरातल्या आजीचे उत्तर पुष्कळदा कोशापेक्षा बरे निघेल. मग ती यादी त्या कंपनीकडे किंवा मुक्त भाषांतराचे काम करणाऱ्यांकडे पाठवून द्या.